विषय : चिऊला वर्गात बसू देण्याबाबत

१७ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली, आज शाळा उघडली. डॉक्टर म्हणाले होते, झोप येत नसेल तर रोज थोडं लिहीत जा. झोप येते. खूप येते. तरी लिहिते, कारण त्यांनी सांगितलंय.

बुद्धभूषण सप्टेंबरात गेले. डेंग्यू. पहिलं सत्र अर्धवट टाकून मी रजेवर होते, आता रजा संपली. मुख्याध्यापक केणे सरांनी विचारलं, "जमेल ना, बाई? की सातवी दुसऱ्या कोणाला देऊ?" मी म्हणाले, जमेल. सातवीचं मराठी मी चौदा वर्षं शिकवतेय, न जमायला काय झालं.

सरांनी एक परिपत्रक हातात दिलं. जिल्ह्याची लेखनस्पर्धा आहे. सहावी ते आठवी. 'मन वळवणारे लेखन'. म्हणजे कोणाला तरी काही पटवून द्यायचं. सर म्हणाले, "पोरांकडून काहीतरी लिहून घ्या. आपल्या शाळेचं नाव कधी येतच नाही."

पडघ्याला उतरून घरी आले. घरी आता सासूबाई आणि मी, दोघीच. त्यांनी भाकरी केली होती. जेवले.

१९ नोव्हेंबर

आज शब्दांच्या जाती घेतल्या. वर्ग फार शांत होता. इतका शांत की मला बरं वाटलं. तास संपल्यावर रीमा मागे थांबली. पहिल्या बाकावर बसते, उंच, वेणीला नेहमी काळी रिबन. म्हणाली, "बाई, हा तास तुम्ही कालपन घेतलेला."

"मग बोलली का नाहीस?"

"कोनीच बोललं न्हाय, बाई." एवढं बोलून ती पाणी प्यायला पळाली.

फळ्यावर उदाहरणंसुद्धा तीच होती म्हणे. रघू, जो खडू पडला तरी हसतो, तोही गप्प बसला होता. मुलं शिस्तीत आली आहेत. वर्गाच्या दृष्टीनं चांगलं आहे.

२१ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली. सुकन्या आज धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन आली. दीड-दोन वर्षांची आहे. नाकातून शेंबूड, हातात बिस्कीट. ती बाकाखाली उतरली, कोणाचं तरी कंपास उलटं केलं, मग रडायला लागली. मी सुकन्याला म्हणाले, वर्गात लहान मूल चालत नाही, नियम आहे, हिला घरी सोडून ये. ती गेली. नंतर तास नीट झाला.

२४ नोव्हेंबर

स्पर्धेची तयारी सुरू केली. मन वळवायचं म्हणजे आधी कोणाचं वळवायचं ते कळलं पाहिजे, आणि त्यासाठी कोणाच्या हातात काय आहे ते कळलं पाहिजे. म्हणून एका गोष्टीपासून सुरुवात केली. ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितलेली, लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात.

एक गाव. गावात एक विहीर. रीत अशी, की रोजची पहिली घागर प्रत्येकीनं पाटलाच्या घरी ओतायची, मग आपल्या घरी. ही रीत कधी पडली, कोणी पाडली, कोणालाच ठाऊक नाही. एकदा गावात नवी सून आली. तिला कोणी सांगितलंच नाही. तिनं पहिली घागर सरळ आपल्या घरी नेली. सगळ्या बाया ओट्यावर उभ्या राहून बघायला लागल्या, आता काय होतं. पाटीलही आपल्या ओटीवर बसून बघायला लागला, आता काय होतं.

मी इथं थांबले आणि विचारलं, या गोष्टीत सत्ता कोणाकडे आहे?

रघू म्हणाला, "पाटलाकडं. न्हायतर त्याला पाटील कशाला म्हनतील?"

सागर म्हणाला, "विहीर कोनाची हाय त्याच्याकडं." सागरच्या काकांचे तीन गाळे आहेत, त्यामुळे तो आधी मालकी विचारतो.

रीमानं आधी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "सगळ्या बायांकडं. त्या घागर नेतात म्हनून तो पाटील हाय."

"मग त्या का नेतात?"

"त्यांना वाटतं न्हाय म्हनता येत न्हाय."

मी फळ्यावर लिहिलं : नाही कोण म्हणू शकतं? मुलांना सांगितलं, कुठलीही गोष्ट वाचताना हा प्रश्न विचारायचा. 'हो' कोणीही म्हणतं. ज्याचं 'नाही' ऐकलं जातं, त्याच्याकडे सत्ता.

मुलांनी विचारलं, "पुढं काय झालं, बाई? शेवट?" मला आठवला नाही. घंटा झाली.

२६ नोव्हेंबर

संविधान दिन. मैदानावर उद्देशिकेचं वाचन झालं. मी माईकवर वाचत होते, मुलं मागून म्हणत होती. दरवर्षी हे वाचताना माझा आवाज भरून यायचा आणि बुद्धभूषण चिडवायचे. आज सरळ वाचून झालं. केणे सर म्हणाले, "स्पष्ट वाचलंत."

सुकन्या चार-पाच दिवस आलेली नाही.

२९ नोव्हेंबर

सुकन्यानं शाळा सोडली, असं मुलांनी सांगितलं. तिची आजी पावसाळ्यात वारली. तीच धाकटीला सांभाळायची. आई गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे, वडील नामा एका कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन, दिवसा झोपतात. दिवाळीपर्यंत आईला दुपारची शिफ्ट होती, तेव्हा कसंबसं भागत होतं. आता तिला सकाळची दिली. म्हणून सुकन्या घरी.

रघू उभा राहिला. "बाई, आपन सुकन्याच्या बापाचं मन वळवू. खरं. स्पर्धेचं पन होईल."

मला वाटलं, सराव होईल. म्हणाले, लिहा.

संध्याकाळी बसून वाचलं. रघूनं लिहिलंय : 'नामाकाका, सुकन्याला शाळेत पाठवा, नाहीतर सरकार तुम्हाला पकडून नेईल व तुम्हाला तिथं शिकावं लागेल.' सागरनं लिहिलंय की शिकलेल्या मुलीला सुपरवायझरची नोकरी लागते. एका मुलीनं नुसतं 'प्लीज' असं सबंध पानभर लिहिलंय.

सासूबाई म्हणाल्या, "भाजीत मीठ न्हाय." उठून त्यांनीच घातलं. मला कळलं नव्हतं.

१ डिसेंबर

वर्गात सांगितलं, धमकी देणं म्हणजे मन वळवणं नाही, विनवणी करणं म्हणजेही नाही. समोरच्याला काय हवंय ते आधी शोधा. तो कशाला घाबरतो, रात्री त्याला कसली काळजी वाटते, ते शोधा. मग आपलं म्हणणं त्याच्या बाजूनं मांडा.

रीमानं विचारलं, "आनि त्याला काहीच नको असंल तर?"

मी म्हणाले, असा माणूस नसतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. हुशार मुलगी आहे, पण मधूनच लक्ष उडतं तिचं.

२ डिसेंबर

शाळा सुटल्यावर नामाच्या घरी गेले. सुधारलेल्या पत्रांपैकी चांगली चार निवडून नेली. रीमा आणि रघू बरोबर होते. घर गावाच्या टोकाला, पलीकडे नव्या गोडाऊनची निळी भिंत. नामा नुकताच उठला होता, डोळे लाल. त्यानं लगबगीनं खुर्ची पुसली. मुलांनी पत्रं वाचून दाखवली. त्यानं हात जोडून ऐकली, जशी कीर्तनात ऐकतात.

मग म्हणाला, "बाई, पोरं बराबर बोलतात. मना काय तिला घरी बसवायची हौस न्हाय. पन मी दिवसा झोपलो न्हाय तर रात्री ड्युटीवर डोला लागतो. एकदा लागला, तवा घरी पाठवलेला. बायकोची शिफ्ट दुपारची करून द्या, उद्या सुकन्या शालेत."

"अंगणवाडी?"

"तीन वर्षांखालचं पोर बसवून घेत न्हायत. मी इचारलं."

रघूनं विचारलं, "काका, मग तुमच्या हातात काहीच न्हाय का?"

"माझ्या हातात दांडा हाय आनि बॅटरी हाय," नामा म्हणाला आणि हसला.

सुकन्या मोरीवर भांडी घासत होती. चिऊ, म्हणजे ती धाकटी, तिच्या पाठीला लटकलेली. मी हाक मारली, सुकन्यानं वर पाहिलं नाही. लाजली असावी.

६ डिसेंबर

सासूबाई शेजारच्यांबरोबर चैत्यभूमीला गेल्या. दरवर्षी बुद्धभूषण त्यांना नेत. मला म्हणाल्या, "चल." मी म्हणाले, पेपर तपासायचेत. पेपर नव्हते.

दिवसभर काय केलं ते आठवत नाही. बादली नळाखाली लावली होती, ती वाहत होती, ते पाणी उंबऱ्यापर्यंत आल्यावर दिसलं.

सासूबाई संध्याकाळी उशिरा परतल्या. पाय सुजलेले. मी पाणी गरम करून दिलं. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वनिता, तू एकदा रडून तरी घे गं." मी म्हणाले, हो. मग त्या झोपल्या, मीही झोपले.

९ डिसेंबर

गोडाऊनवर गेले. मुलांना गेटच्या आत सोडत नाहीत, म्हणून एकटीच. तिथला सुपरवायझर म्हणजे मितेश निघाला, माझा जुना विद्यार्थी. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन मोबाईल. धावत आला, पाया पडला, चहा मागवून दिला.

मी सुकन्याच्या आईचं सांगितलं. आमच्या मुलांनी लिहिलेलं पत्र दिलं. त्यानं उभ्याउभ्या वाचलं. या वेळचं पत्र चांगलं होतं. मुलांनी शोधून काढलं होतं की सुपरवायझरला हजेरी पूर्ण हवी असते. म्हणून त्यांनी लिहिलं होतं की आईच्या मनाला घोर नसेल तर ती एकही खाडा करणार नाही.

मितेश म्हणाला, "बाई, एकदम करेक्ट लिहिलंय. पण शिफ्ट मी लावत नाही. ही बघा." त्यानं मोबाईल पुढे केला. "मला पण यातच येते. रविवारी संध्याकाळी येते. माझी स्वतःची नाइट लागली तर मी पण काही करू शकत नाही. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणतो, ऊपर से आया है."

"वर कोण आहे?"

"ते आम्हाला पण बघायचंय, बाई."

तेवढ्यात कोणीतरी 'मितेशभाई, गाडी लग गयी' म्हणून ओरडलं आणि तो माफी मागत गेला. चहा गोड होता की नाही ते सांगता येणार नाही.

११ डिसेंबर

फळ्यावर सगळी साखळी काढली. सुकन्या. तिच्यावर बाबा. त्यांच्यावर आईची शिफ्ट. त्यावर मितेश. त्यावर ठेकेदार. त्यावर मोबाईल. त्याच्या वर मी प्रश्नचिन्ह काढलं. मुलांना म्हणाले, बघा, गोष्टीत पाटील तरी होता. इथं प्रत्येक जण वर बोट दाखवतो. म्हणजे कधीकधी असंही निघतं, की सत्ता कोणाकडेच नाही.

मला हे चांगलं सुचलं असं वाटलं. वहीत उतरवून घ्या म्हणाले.

रीमा उतरवेना. म्हणाली, "असं कसं, बाई? कोनीतरी पहिल्यांदा न्हाय म्हटलं ना तिला."

"कोणी?"

ती खाली बघायला लागली. सगळा वर्गच खाली बघायला लागला. रघूसुद्धा. मुलं कंटाळली असतील, विषय जरा लांबलाच. उद्यापासून व्याकरण.

१५ डिसेंबर

स्पर्धेसाठीचं लेखन आज वाचून दाखवायचं होतं. पाच-सहा जणांनी वाचलं. प्लास्टिकबंदी, झाडं, मोबाईलचे तोटे. मग रीमा उठली. "बाई, माझं तुम्हाला हाय." मी म्हणाले, वाच. तिनं वाचलं. कागद माझ्याकडेच आहे, म्हणून इथं उतरवते.

'आदरणीय वनिताबाईंस. विषय : चिऊला वर्गात बसू देण्याबाबत.

तुम्ही शिकवलं की समोरच्याला काय हवं ते आधी शोधा. आम्ही सर्वांनी खूप शोधलं. तुम्हाला सध्या काहीच नको असतं. डबा पण तुम्ही उघडता आणि बंद करता. म्हणून हे पत्र लिहायला सर्वात कठीण गेलं.

नामाकाका म्हणाले शिफ्ट. मितेशदादा म्हणाले मोबाईल. पण सुकन्या शिफ्ट बदलल्यावर पण शाळेत आली होती. चिऊला घेऊन आली होती. तिला तुम्ही घरी पाठवलं. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही ओरडला नव्हता. ओरडला असता तर आम्ही पण काही बोललो असतो.

चिऊ रडेल हे खरं आहे. ती कंपास पण उलटं करेल. आम्ही तिला पाळीपाळीने घेऊ. तुम्ही एकच तास दोनदा घेतला तेव्हा आम्ही गप्प बसलो, कारण तुमच्या घरी दुःख झालं आहे. सुकन्याच्या घरी पण झालं आहे. तिची आजी गेली आहे. तर तिच्यासाठी पण थोडं गप्प बसावे, ही नम्र विनंती.'

ती वाचून खाली बसली. मी कागद मागून घेतला. सही केली. दहापैकी नऊ दिले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, त्याचा एक कापला. मग घंटा झाली.

१६ डिसेंबर

आज रजा टाकली. सासूबाईंना सांगितलं, डोकं दुखतंय. दुखत नव्हतं.

मागची पानं उलटून पाहिली. एकवीस तारखेला लिहिलंय, 'ती गेली. नंतर तास नीट झाला.' माझंच अक्षर आहे. ते वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. काही आलं नाही. जसं दात काढल्यावर बधिर गालाला चिमटा काढून बघतो, तसं.

पण वाईट वाटलं तरच काही करायचं असतं असं कुठे आहे.

दुपारी सासूबाईंना विचारलं, त्या पाटलाच्या घागरीच्या गोष्टीचा शेवट काय होता? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "शेवट कसला? त्या बायांना घागर भरता तरी येत होती. आमाला त्या विहिरीवर चढूच देत नव्हते. ती गोष्ट आमी लांबून बघितलेली हाय." आणि निवडत राहिल्या.

१८ डिसेंबर

नामाच्या घरी गेले. एकटी. तो झोपला होता. सुकन्या अंगणात वाल वाळत घालत होती. मी म्हणाले, "उद्यापासून शाळेत ये. चिऊला घेऊन ये."

"न्हाय."

"मी सांगते आहे ना."

"तवापन तुम्हीच सांगितलेलं," ती म्हणाली. "सगल्यांच्या समोर. मी वर्गातनं गेटपर्यंत गेली, चिऊ रडत होती, खिडकीतनं सातवी, आठवी सगली बघत होती. परत तसंच झालं तर?"

मन कसं वळवायचं ते मी महिनाभर शिकवतेय. तिला काय हवंय, ती कशाला घाबरते, सगळं तिनं स्वतःच समोर ठेवलं होतं, आणि मला एक वाक्य सुचेना. मी पायरीवर बसले. बराच वेळ. चिऊ आली, माझ्या पर्सची चेन उघडबंद करायला लागली, मग मांडीवर चढली आणि झोपून गेली. खांदा अवघडला. दुखायला लागला. मी हलले नाही. दुखतंय हे कळत होतं, आणि ते कळणं बरं वाटत होतं. हे वेड्यासारखं आहे, पण लिहून ठेवते.

ऊन उतरल्यावर सुकन्या वाल भरलेलं सूप घेऊन आत निघाली. दारात थांबली. "सर बोलले तर?"

"तर मी बोलेन."

"तुम्ही हल्ली बोलत न्हाय, बाई."

"बघू," मी म्हणाले. खरं तेच होतं.

२० डिसेंबर

आल्या दोघी.

वर्गाची पार जत्रा झाली. चिऊनं खडूची पेटी सांडली, सागरच्या वहीवर रेघोट्या मारल्या. रघूनं तिला खांद्यावर घेतलं तर ती त्याचे केस ओढत राहिली आणि तो 'ओ ओ' करत राहिला. धड दहा मिनिटं शिकवून झालं नाही. मग ती मागे सतरंजीवर झोपली आणि सुकन्या वाकून भराभर मागचं उतरवून घ्यायला लागली. इतकी भराभर, की शाई सांडल्यासारखं अक्षर.

केणे सर दारात येऊन उभे राहिले. मला बाहेर बोलावलं. "वनिताबाई, हे काय?"

"सुकन्याची बहीण."

"ते दिसतंय. उद्या सगळ्या पोरी आपापली भावंडं आणतील."

"आणू देत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाईट नाहीत. बुद्धभूषणच्या वेळी हॉस्पिटलात सगळ्यात आधी पोचले होते. म्हणाले, "तुमची मनःस्थिती मी समजू शकतो. पण अध्यक्षांना कळलं तर मला उत्तर द्यावं लागेल."

"माझी मनःस्थिती ठीक आहे, सर. उत्तर मी देईन."

मेमो संध्याकाळपर्यंत टेबलावर आला. वर्गशिस्त न पाळल्याबाबत. पोच म्हणून सही केली.

८ जानेवारी

मध्ये लिहिलं नाही. रोज तेच चाललं होतं. चिऊ येते, सांडते, झोपते. मुलांनी पाळ्या लावल्यात. सुकन्याचं गणित मागे पडलंय, मराठी नाही.

आज संस्थेच्या कार्यालयात सभा झाली. अध्यक्ष पंढरीशेठ, दोन सभासद, केणे सर आणि मी. पंढरीशेठनी मेमो समोर ठेवला. "बाई, तुमच्यावर प्रसंग आलाय, म्हणून मी शांतपणे सांगतो. शाळा आहे, पाळणाघर नाही. सोमवारपासून ते लहान पोर दिसता कामा नये. ठीक आहे?"

सगळ्यांनी कागद गोळा करायला घेतले, कारण 'ठीक आहे' हे विचारण्यासाठी नव्हतं.

मी म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"मी तिला परत पाठवणार नाही. एकदा पाठवलं, तर मुलीची शाळा सुटली. तुम्हाला पाठवायचं असेल तर तुम्ही वर्गात या आणि मुलांसमोर पाठवा."

मला वाटलं होतं आवाज कापेल. नाही कापला. गेले काही महिने माझं काही कापतच नाही. त्याचा आज उपयोग झाला. पंढरीशेठ केणे सरांकडे बघायला लागले. केणे सर पंख्याकडे. एक सभासद खाकरले. शेवटी ठरलं, की पुढच्या सभेत बघू.

रिक्षात बसल्यावर पर्सची चेन उघडबंद करत राहिले. पडघा येईपर्यंत.

१४ जानेवारी

शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी तपासणीला आले. आधी कळवलं नव्हतं. केणे सरांचा चेहरा पांढरा पडला. साहेब सातवीत शिरले तेव्हा सुकन्या उभं राहून वाचत होती आणि चिऊ रीमाच्या मांडीवर पेरू खात होती.

"ही कोण?"

वर्ग उठून उभा राहिला आणि रघू म्हणाला, "चिऊ, सर."

मी सांगितलं ते साहेबांनी ऐकलं. त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे शाळाबाह्य झालेली मुलगी तुम्ही परत आणली! अहो, याच्यासाठी तर आम्ही गावोगाव फिरतोय." त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. चिऊला नीट कडेवर घ्यायला लावून आणखी एक काढला. जाताना केणे सरांची पाठ थोपटली.

सर मला म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, मार्ग निघेल."

१९ जानेवारी

मेमोचं कोणी नाव काढत नाही. फोटो तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या ग्रुपवर फिरला. पंढरीशेठनी स्वतः फोन केला. प्रजासत्ताक दिनाला मंचावर सुकन्याचा सत्कार करायचाय. चिऊसकट. शाल, श्रीफळ, आमदारांना बोलावणार. सुकन्यानं 'माझी बहीण, माझी शाळा' असं दोन पानी भाषण करायचं, तेच पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायचं. भाषण मी लिहून द्यायचं.

मला वाटलं, चला, पोरीचं चांगलं होतंय. सुरुवात लिहिलीसुद्धा.

२१ जानेवारी

मधल्या सुट्टीत सुकन्याला व्हरांड्यात बोलावलं. कागद दिला. ती चिऊला कडेवर घेऊन वाचत होती, ओठ हलत होते. पहिलं पान वाचून झालं. कागदाची घडी करून तिनं मला परत दिला.

"न्हाय, बाई."

"का गं? चांगलं नाही का लिहिलं?"

"चांगलं हाय. पन ती आमच्या घरातली गोष्ट हाय. आजी गेली ती, आयसची शिफ्ट, बाबा दिवसा झोपतात ती. ती माईकवर कशाला? आनि चिऊ काय बक्षीस हाय काय, दाखवायला?"

"अध्यक्षांनी सांगितलंय, सुकन्या. आमदार येणार आहेत."

"मग त्यांना सांगा, न्हाय म्हनते." थोडं थांबून, समजावल्यासारखं म्हणाली, "मी येतेय ना शालेत. रोज येतेय. बास झालं की."

तेरा वर्षांची मुलगी. नाकात चमकी, कडेवर चिऊ, पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला. आमदार, अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि मी, सगळ्यांना मिळून तिनं एकदाच नाही म्हटलं, आणि ते व्हरांड्यात तसंच उभं राहिलं. मला हसू आलं. खरंच आलं, पोटातून. मी तोंडावर पदर धरला, तरी थांबेना. ती पण हसली थोडी, घाबरत. मग माझं हसू हसू राहिलं नाही. मी खांबाला धरून खाली बसले, शाळेच्या व्हरांड्यात, भर दिवसा, आणि माझ्या घशातून असला आवाज निघायला लागला जो मी सप्टेंबरात सासूबाईंच्या घशातून ऐकला होता. स्टाफरूमच्या दारात कोणीतरी आलं आणि मागे गेलं. पाणी प्यायला आलेली पाचवीची मुलं नळ सोडून बघत राहिली.

सुकन्या जवळ उभी राहिली. घंटा झाली तशी तिनं चिऊला उतरवून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हिला धरा, बाई," ती म्हणाली. "माझा गनिताचा तास हाय."

आणि ती वर्गात गेली.